मच्छरदाणीतली कण्हेर

हुसेनचाचांच्या अंगणात कण्हेरीच्या झाडाला मच्छरदाणी लावलेली आहे. चाचांना डास चावले तरी चालतील, पण झाडाचं पान खाली पडता कामा नये! नव्या माणसाला वाटतं, चाची गेल्यापासून एकटं राहून म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. आष्ट्याजवळच्या आमच्या गावाला हे त्याआधीपासूनच वाटतं.

चाचांचा धंदा वरातीच्या घोडीचा. घोडीचं नाव चांदणी. लग्नसराई नसली की ती गायरानात चरते, पण तिला सोडण्याआधी चाचा सगळं गायरान पायाखाली घालतात. कण्हेर किंवा बिट्टी उगवलेली दिसली की मुळासकट उपटून लांब नेऊन पुरतात. ही झाडं विषारी, हे काय आम्हाला ठाऊक नाही? म्हणूनच तर बांधाला लावायची. जनावर तोंड लावत नाही. हे शहाणपण मी एकदा चाचांना शिकवायला गेलो.

"हिरव्याला न्हाई लावत रं. पान वाळून गवतात मिसळलं की कडूपणा कळत न्हाई. मग तोंड कुणाला आवरतंय?"

हे शेवटचं वाक्य म्हणजे त्यांचं पालुपद. जेवणावळीत तिसऱ्यांदा जिलेबी घेतानाही ते हेच म्हणतात.

मागं एका वरातीत नवरदेव फेटा बांधून तयार, बँजो सुरू, आणि चाचा मांडवाच्या कमानीची फुलं हुंगत उभे. कमानीत कण्हेर निघाली. नवऱ्याचा मामा तापला, "आवं चाचा, मुहूर्त टळतोय!"

"मुहूर्त दुसरा निघंल. घोडी दुसरी कुठनं काढू?"

कमान उतरेपर्यंत नवरदेव पंख्यापुढं फेटा सावरत बसला होता.

अशा माणसाच्या स्वतःच्या दारात कण्हेर कशी? विचारलं की चाचांना ऐकू यायचं नाही.

यंदा वैशाखात वावटळ आली आणि मच्छरदाणी फाटली. चाचा ओरडत माझ्याकडे आले. चांदणी दावं तोडून झाडाखाली उभी होती, ओठाला वाळकं पान चिकटलेलं. आम्ही तिचं तोंड धुतलं, जनावरांचे डॉक्टर आले. दिवस मावळेपर्यंत चाचा तिच्या छातीला कान लावून उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. पान पोटात गेलं नव्हतं, म्हणून घोडी वाचली.

दुसऱ्या दिवशी मी कुऱ्हाड घेऊन निघालो, तर चाचा आमच्याच अंगणात. आमची कण्हेर उपटून झाली होती आणि चांदणी आमच्या लिंबाला बांधलेली होती.

"आता हितंच ऱ्हाईल ती. मी येतो वैरणीला."

मी वैतागलो. "आमची उपटलीत ना? मग चला, तुमची तोडू."

चाचा हाताची माती झाडत खाली बसले.

"तुज्या चाचीनं लावलीया ती. घोडी घेतल्यापासनं रोज म्हणायचो, आज तोडतोच. कुऱ्हाड घेतली की झाडाम्होरं येऊन हुबी ऱ्हायची. म्हणायची, तोडून तर बघा. लय भांडलो, गड्या." त्यांनी बसल्या जागेवरून चांदणीपुढं वैरण सारली. "आता कुऱ्हाड उचलली, तर अडवायला कोण हाय?"

मी कुऱ्हाड आत नेऊन ठेवली. सुईदोरा घेतला आणि त्यांच्याबरोबर मच्छरदाणी शिवायला गेलो.