शेवग्याला सूट

आमचे शेजारी दगडूआप्पा कुणाच्या घरी गेले, की आधी दारातला विजेचा खांब हलवून बघतात आणि मग माणसांना रामराम घालतात. वायरमन म्हणून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण खुटबावातले खांब अजून आपल्याच ताब्यात आहेत अशी त्यांची समजूत आहे. गावानंही ती मोडलेली नाही.

पुतण्यासाठी मुलगी बघायला ते पाबळला गेले होते. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे?

"पोरगी झ्याक हाय. पर त्यांच्या डीपीला झाकण न्हाई."

झाकण बसल्यावरच त्यांनी सुपारी फोडू दिली.

खांबाच्या ताणाला, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या तिरक्या तारेला, कुणी म्हैस बांधली, तर त्याची खैर नाही. "म्हस वढती, खांब वाकतो, आन् वारं आलं की गाव अंधारात," असं म्हणत आप्पा ती सोडतात आणि मालकाच्या दारात नेऊन बांधतात. एकदा त्यांचं दार चुकलं. त्या घरानं आधी संध्याकाळची धार काढून घेतली, मग निरोप धाडला.

वळवाचं वारं सुटण्याआधी आप्पा बांबूला कोयता बांधून तारांजवळच्या फांद्या छाटत फिरतात. माझा गुलमोहर त्यांनी असा भादरला, की मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. सूट फक्त त्यांच्या अंगणातल्या शेवग्याला. खरं तर शेवग्याचं लाकूड सगळ्यात ठिसूळ, आणि त्याच्या फांद्या नेमक्या आमच्या घराच्या तारेवर. कुणी बोट दाखवलं, की आप्पा म्हणत, "त्ये झाड शिस्तीचं हाय."

तो शेवगा आप्पांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी लावलेला. आप्पा वादळात ड्यूटीवर गेले, की काकी त्याच्याखाली उभ्या राहून वाट बघायच्या आणि ते दिसताच विचारायच्या, "आली का लाइट?" काकी गेल्यापासून त्या झाडाचा विषय मी कधी काढला नाही.

यंदा आई दवाखान्यातून आली ती ऑक्सिजनचं मशिन घेऊन. आप्पा भेटायला आले. मशिनकडे बघत राहिले.

"ह्ये लाइटीवर चालतं व्हय?"

मी हो म्हणालो. ते चहा न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवगा कमरेएवढा उरला होता.

चारच दिवसांनी वादळ आलं. शाळेचे पत्रे उडाले, रस्त्यावर दोन बाभळी आडव्या झाल्या. आमचा दिवा दोनदा लुकलुकला, पण मशिन चालत राहिलं. वारं पडल्यावर मी सांगायला गेलो. आप्पा अंगणात उकिडवे बसले होते, बुंध्यावर हात ठेवून. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"न्हाई गेली गं लाइट," ते बुंध्याला सांगत होते.