अण्णांचं ‘आम्ही’

शमुवेलअण्णा कुणाच्याही तोंडचा ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ चौकशी केल्याशिवाय सोडत नाहीत. चिकपेटच्या बाजारात एकदा पडद्याचं कापड घ्यायला त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या इथल्या कानडी मुलखातला, पण घरी मराठी बोलणारा. तो म्हणाला, “अण्णा, आपण एकच भाव सांगतो.”

“आपण?” अण्णा खुलले. “म्हणजे आम्हीही भागीदार झालो की! मग आम्हाला कशाला भाव सांगतोस?”

“स्वल्प सरका अण्णा, मागं गिऱ्हाईक उभं आहे.”

कापड न घेताच आम्ही परतलो.

अण्णा मूळचे बेळगावकडचे, माझ्यासारखेच. आयुष्यभर त्यांनी धर्मशास्त्र शिकवलं. आता आशियातल्या ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांची एक मंडळी दर महिन्याला संगणकाच्या पडद्यावर जमते, तिचे ते सगळ्यांत जुने सभासद आणि मी चिटणीस. सगळ्यांनी मिळून एक निवेदन लिहायचं, ते आपापल्या भाषेत नेऊन चर्चमध्ये वाचायचं, असं ठरलं. पहिलं वाक्य सोपं होतं: आम्ही एका मेजाभोवती बसलो आहोत. इंग्रजीत ‘वुई’. कुणाचं काही अडलं नव्हतं.

अण्णांनी हात वर केला. “हे ‘वुई’ म्हणजे आम्ही की आपण?”

झालं! मनिलाच्या बाई खुर्चीतून उठल्याच. त्यांच्या भाषेतही दोन वेगळे शब्द. जाकार्ताच्या पाळकांकडेही दोन. जाफन्याचे तमिळ फादर म्हणाले, आमच्याकडेही. सोलचे प्राध्यापक शांतपणे म्हणाले, “आमच्याकडे एकच आहे. तरी चर्च फुटायची थांबली नाहीत.”

“‘आम्ही बसलो’ म्हटलं की ऐकणारा दारात उभा राहिला,” अण्णा म्हणाले. “‘आपण’ म्हटलं की त्याला खुर्ची द्यावी लागते. आधी खुर्च्या आहेत का बघा, मग लिहा.”

त्यानंतर बैठकांमागून बैठका गेल्या, निवेदन पहिल्या वाक्यापुढे सरकेना. गंमत म्हणजे हेच अण्णा स्वतःबद्दल सर्रास ‘आम्ही’ म्हणतात. “आम्हाला कॉफीत साखर चालत नाही.” “आम्ही लवकर झोपतो.” येलहंक्याच्या घरात राहतात एकटे, पण थाट मठाधिपतीचा! मंडळीत आम्ही यावर हसायचो. मीही हसायचो.

शेवटी समितीनं मला सांगितलं, निवेदन पुरं होईपर्यंत अण्णांना लिंक पाठवू नका, समजावून सांगा. मी हो म्हणालो. मला वेळेवर नाही म्हणता येत नाही. नंतर प्रार्थनेत पश्चात्ताप मात्र तपशीलवार करतो. अण्णांकडे जाताना हेब्बाळच्या पुलावर स्कूटर अडकली होती, तेव्हा मी हेल्मेटच्या आत ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. परत फिरावं म्हटलं, तर मागेही गाड्याच.

अण्णा ओट्याशी भाकरी थापत होते. “ये रे विनय. आम्ही आत्ताच जेवायला बसणार होतो. महिन्याची बैठक जवळ आली, नाही? मनिलाच्या बाईंना सांगायला एक नवा मुद्दा सुचलाय.”

मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. “अण्णा, निवेदन पुरं होईपर्यंत तुम्ही जरा विश्रांती घ्यावी, असं आम्ही ठरवलंय.”

थापणारा हात थांबला.

“आम्ही,” ते म्हणाले. “बरोबर आहे. इथं ‘आपण’ चाललं नसतं. व्याकरण सुधारलं की रे तुझं.”

मला हसता येईना. त्यांनी ती भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“सरी, ठीक आहे. तू निघ आता, हेब्बाळला गर्दी वाढेल. मी जेवून घेतो.”

मी! हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलाच नव्हता. त्यांच्या पत्नीला, मार्थाअक्कांना, माती देऊन परतताना मी विचारलं होतं, अण्णा, कसे आहात? तेव्हाही म्हणाले होते, “आम्ही बरे आहोत.” आम्ही ज्याला थाट समजत होतो, त्या शब्दात अक्का अजून त्यांच्या शेजारी बसलेल्या होत्या. आत्ता माझ्या एका वाक्यानं मी त्यांना उठवलं होतं.

दारापर्यंत गेलो, पण चप्पल पायात जाईना. खिशातून फोन काढला. खिडकीत ठेवलेला अण्णांचा फोन वाजला.

“काय आलं?”

“बैठकीची लिंक.”

“आणि तुमचं ठरलेलं?”

“समितीला मी सांगतो. अण्णा आपल्याबरोबरच बसतील म्हणून.”

“आपल्याबरोबर म्हणजे नक्की कुणाकुणाबरोबर?” त्यांनी डोळे बारीक केले.

“ते जेवताना ठरवू,” मी म्हणालो आणि खुर्ची ओढली.

अण्णांनी तव्यावरच्या त्या एकुलत्या भाकरीकडे पाहिलं. मग पाठ फिरवून फळीवरचा पिठाचा डबा काढला. बराच वेळ त्यांना झाकण उघडेना. मी मदतीला उठलो नाही.

“स्वल्प थांब,” ते डब्यात बघत म्हणाले, “एवढ्यात आपलं भागायचं नाही.”