कीर्तीच्या हाराचं फिनिशिंग

कुंडलिकनं सुट्टीच्या दिवशी बायकोला मदत करायचं ठरवलं. आता ही काय ठरवायची गोष्ट झाली? पण ठरवलं खरं, आणि तिथंच माशी शिंकली.

कुंडलिक अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकर. टॉवेलवर दोऱ्याचा एखादा फास वर आलेला दिसला, की कात्रीनं टुक! नजर अशी तयार, की सासरी हात पुसतानाही तो आधी टॉवेल उलटून बघायचा. (तेव्हापासून सासूबाई त्याला पंचा देतात.)

कीर्तीचा उद्योग वेगळा. मोबाईलवर बघून ती टॅटिंग शिकलेली. बोटाएवढा धोटा घेऊन दोऱ्याच्या गाठी मारायच्या आणि त्यातून झुमके, हार, बाजूबंद करायचे. आजवर गिऱ्हाईक म्हणजे नणंदा आणि शेजारणी, म्हणजे सगळा फुकटचा कारभार. पण या खेपेला गल्लीतल्या संस्कृती नावाच्या पोरीनं स्वतःच्या लग्नातल्या हळदीसाठी पिवळा-पांढरा सेट पैसे देऊन सांगितला होता.

"माळशिरसपासनं अक्कलकोटपर्यंतच्या बायका येणार हायती," कीर्ती म्हणाली होती. "समद्या विचारतील की, कुणी केलं म्हणून!" हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता, की कुंडलिकलाही उगाच छाती फुगवून बसावंसं वाटलं.

हळदीच्या दिवशी सकाळी सेट तयार झाला. "आता हूक आणि डबी तेवढी आणते," म्हणून कीर्ती बाजारात गेली. जाताना "हात लावू नका" असं बजावूनही गेली. कुंडलिकनं हात नाही लावला, नुसती नजर लावली. आणि नजरेनंच घात केला.

हाराच्या कडेकडेनं दोऱ्याचे बारके बारके फास वर आलेले! एक नाही, दोन नाही, सगळा हारच तसला. झुमक्यांचीही तीच गत. कुंडलिक मनात म्हणाला, बिचारी! घाईत केलं असणार. एवढ्या बायकांत हसं व्हायचं तिचं. नवऱ्यानं झाकून घ्यायचं नाही, तर कुणी? त्यानं कात्री काढली.

कीर्ती आली तेव्हा तो पेढा वाटायच्या चेहऱ्यानं बसला होता.

"एक बी फास ठेवला न्हाय बघ!"

"कसला फास?"

"वर आल्याला. लई होते. तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय."

कीर्तीनं हार उचलला. त्याबरोबर त्यातली फुलं एकेक करून फरशीवर पडली, कारण एका फुलाला दुसरं जोडलेलं होतं ते त्या फासांनीच.

"अहो, ती नक्षी होती."

"समदी?"

"समदी."

"गोंदानं चिकटवू का?"

कीर्तीनं पिशवीतून मोबाईल काढला. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण त्याला झेपतं. तिनं फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "संस्कृती, माफ कर गं. माझ्याच्यानं जमलं न्हाय."

माझ्याच्यानं! कुंडलिकला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. संध्याकाळी कीर्ती हळदीला गेली. नवरीच्या गळ्यात बाजारातला फुलांचा हार होता. कीर्तीला कुणी काही विचारलं नाही. इकडे कुंडलिक फरशीवर उकिडवा बसून पिवळे तुकडे वेचत होता. ते फेकवेनात, म्हणून त्यानं चिवड्याच्या डब्यात भरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कात्री उचलली, पण प्रत्येक फासात त्याला नक्षी दिसायला लागली. एकही कापवेना. सगळा माल तसाच पुढं गेला आणि तसाच माघारी आला. सुपरवायझरनं सगळ्यांदेखत हजामत केली.

घरी येऊन त्यानं ते खालच्या मानेनं सांगितलं. कीर्ती नव्या दोऱ्यानं धोटा भरत होती.

"म्हंजे कापायचं तितं कापलं न्हाय!" एवढं बोलून तिनं मान फिरवली. हसली की रडली, ते काही त्याला कळलं नाही.

आता घरातली कात्री कपाटात असते आणि किल्ली कीर्तीच्या कमरेला. परवा नखं वाढली म्हणून त्यानं भीत भीत नेलकटर मागितला.

"बोटं पुढं करा," कीर्ती म्हणाली. "मी कापते. तुमी बोटंच ठेवायचा न्हाईत."