जगाचं रिलीज आणि गुरम्माची आंबील

"आज जगभरचे कॉम्प्युटर रेणापूरच्या हुकमाची वाट बघायलेत," असं मन्मथनं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या आईनं, गुरम्मानं, त्याला पाय वर घ्यायला सांगितलं. खुर्चीखाली झाडायचं राहिलं होतं.

मन्मथ एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या रिलीज टीममध्ये होता. ही सिस्टीम कुणा एकाच्या मालकीची नाही. देशोदेशीचे लोक आपापल्या घरी बसून ती लिहितात, दुरुस्त करतात आणि फुकट वाटतात. सगळ्यांचं काम गोळा करून एकत्र बांधायचं, तपासायचं आणि नवी आवृत्ती सोडायची, एवढं या टीमकडे. या खेपेला टीमचा प्रमुख मन्मथ होता, आणि तोही पहिल्यांदाच. संध्याकाळपर्यंत आवृत्ती निघाली नाही, तर ती लांबणीवर पडणार होती आणि सूत्रं पुन्हा फिनलंडच्या हान्नाकडे जाणार होती.

"आता फ्रीझ लागलाय," तो बायकोला समजावत होता. "म्हणजे भाजीत मीठ पडलं, झाकण बसलं. आता कुणी डाव घालायचा न्हाई."

"आत्याबाईंना सांगितलंत का?" अंबिकानं विचारलं. "घरातला डाव त्यांच्या हातात असतो."

मन्मथनं हे मनावर घेतलं नाही. बांधणीचं मशीन खालच्या मधल्या खोलीत घुमत होतं. त्याला हुकूम सोडून तो माडीवर जाऊन बसला.

दुपारी बांधणी अर्ध्यात तुटली.

टीमच्या चॅटवर गलका उडाला. फ्रीझच्या आधी शेवटची दुरुस्ती ब्राझीलच्या पावलोनं केली होती, म्हणून सगळ्यांनी पावलोला धरलं. बिचाऱ्यानं माफी मागून आपली दुरुस्ती काढून घेतली. मन्मथनं त्याला वडीलधाऱ्या सुरात जबाबदारीवर चार शब्दही ऐकवले. मग पुन्हा बांधणी लावली. ती पुन्हा तुटली, पण भलत्याच जागी.

"फ्रीझनंतर काय बदललं?" हान्नानं विचारलं.

"काही नाही," मन्मथनं लिहिलं. "इथं माझ्या परवानगीशिवाय पान हलत नाही."

"मग नोंदीत तुझं मशीन एवढं तापलेलं का दिसतंय? तिकडे उन्हाळा आहे का?"

बाहेर तर कडाक्याची थंडी होती. मन्मथ खाली धावला.

मधल्या खोलीत मशीन दिसेना. त्या जागी घोंगडीचा एक ढीग बसला होता, एखादा म्हातारा शेकत बसावा तसा. मन्मथनं घोंगडी ओढली. आत मशीन, आणि मशीनच्या पाठीला टेकून आंबिलीची बिंदगी, लहानसं मातीचं मडकं.

"आई, हे काय करायलीस?"

"उद्या येळवस हाय, आवसेला शेतात पांडव पुजायचेत," गुरम्मा म्हणाली. "थंडीत आंबील आंबंना झाली. तुझ्या डब्याची ऊब फुकट चालली व्हती. म्हनलं, दोघास्नी एकच घोंगडी पुरल."

"अगं, त्याला श्वास घ्यायला जागा लागती. जगाचं काम अडलं."

"आन् शेतात पांडवांपुढं काय ठिवू, गोड आंबील? तुझी ती फिनलंडची बाई येऊन आंबवणार हाय व्हय?"

शेवटी तडजोड झाली. घोंगडी निघाली, बिंदगी मशीनच्या पाठीमागं जरा हटून राहिली. बांधणी सुरळीत पार पडली, तपासण्या झाल्या आणि दिवस मावळायच्या आत आवृत्ती जगाच्या हवाली झाली. पावलोची दुरुस्ती तेवढी पुढच्या खेपेवर गेली.

पण टीमचा नियम असा, की बिघाडाचं कारण उघड लिहायचं. मन्मथनं बराच वेळ लिहून खोडलं. मग लिहिलं: 'कारण: आंबील. पावलोचा दोष नाही. माझ्या परवानगीशिवाय पान हलतं.'

पावलोनं मोठ्या मनानं एवढंच विचारलं, की आंबील प्यायची असते की खायची. हान्नानं नव्या प्रमुखाचं अभिनंदन केलं. अभिनंदनं तर थेट जपानपासून आली. मन्मथ छाती काढून खाली उतरला आणि थकलेलं मशीन बंद करायला वाकला.

गुरम्मानं बिंदगीत बोट बुडवून चाखलं आणि त्याचा हात धरला.

"झालं का जगाचं?"

"झालं."

"मग आता जरा घरचं कर, बापा. आजून पुरती आंबली न्हाई. आनिक एक कायतरी बांधायला लाव की."