वर्तकबाई आणि चुलीमागची भिंत

आमच्या वास्तुशांतीला वर्तकबाई आल्या आणि देवाला नमस्कार करायच्या आधी हॉलच्या कोपऱ्यात उकिडव्या बसल्या. भटजींचे मंत्र चालू, मी आणि बायको पाटावर, आणि बाई दोन भिंती जिथे मिळतात तिथल्या फटीत नख घालून बघतायत. मग उठल्या आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "साठे, ही भिंत नंतरची आहे. मोठ्या भिंतीत हिची सांधणीच नाही. एका खोलीच्या दोन केल्यात तुमच्या बिल्डरनं."

बिबवेवाडीतला तो फ्लॅट मी दोन बेडरूमचा म्हणून घेतला होता. पुढे महिनाभर बायकोनं बाईंचं नाव घरात काढू दिलं नाही. बाईंचं निदान अर्थातच खरं निघालं.

बाई पुरातत्त्वातल्या. मी त्यांच्या हाताखाली उत्खननात चित्रं काढायचो. खड्ड्यांची, भिंतींची, फुटक्या खापरांची. बाईंचा आयुष्यभराचा विषय एकच, कच्च्या विटांची भिंत. आणि शब्दही एकच, "कशावरून?" नारायण पेठेत त्यांच्या घराखालचा दुकानदार एकदा म्हणाला, "बाई, भाकरवडी ताजी आहे." बाईंनी विचारलं, "कशावरून?" दुकानदारही पेठेतलाच. म्हणाला, "नका घेऊ." तेव्हापासून दोघांचं उत्तम जमलं.

बाई निवृत्त झाल्या, तरी मातीची भिंत निघाली की त्यांना बोलावणं जायचंच. दोन वर्षांपूर्वी असंच झालं. नदीकाठी एक पांढरीचं टेकाड आम्ही खणत होतो. हजारो वर्षांपूर्वीची वस्ती. एका घराच्या खोलीत मधोमध काहीतरी उंचवटा लागला. भिंत आहे की नुसती साचलेली माती, कुणाला कळेना. कच्ची वीट आणि तिच्या भोवतीची माती एकाच शेतातली, एकाच रंगाची. मोठमोठ्या लोकांनी अशा भिंती खणून घमेल्यातून फेकून दिल्यात.

बाई आल्या त्या कुंड्यांवर पाणी मारायचा पंप घेऊन. उंचवट्यावर हलका फवारा मारला आणि समोर बसल्या. वीट आणि विटांमधला गारा एका वेगानं वाळत नाहीत. मधे काही मिनिटं अशी येतात की विटांच्या रेघा उमटतात आणि पुन्हा पुसल्या जातात. तेवढ्यात त्या टाचणीनं कोरून घ्यायच्या. त्या मिनिटांत कुणी खोकलं तरी बाई वळून बघायच्या. एकदा उत्खननाचे प्रमुख जेवायला बोलवायला आले, तर म्हणाल्या, "बोलू नका. वाळतेय."

तीन दिवसांनी भिंत उभी राहिली. एका विटेच्या जाडीची, खोलीच्या जमिनीवरच उभारलेली, म्हणजे घर झाल्यावर पुष्कळ नंतर घातलेली. एका बाजूला मोठी खोली, दुसऱ्या बाजूला एक माणूस आडवा होईल एवढीच जागा.

प्रमुख म्हणाले, "भावाभावांची वाटणी. आपल्याकडे नवीन काय आहे त्यात?"

"वाटणी झाली असती तर चुली दोन असत्या," बाई म्हणाल्या. "इथे एकच आहे."

"मग धान्याची खोली."

"धान्याचा एक दाणा दाखवा."

प्रमुखांना घाई होती. भिंत काढल्याशिवाय खालचा थर खणता येत नव्हता. "दोन दिवस देतो," ते म्हणाले. "नाहीतर मी वाटणी लिहून मोकळा होतो."

दुसऱ्या दिवशी बाईंना जमिनीत, खोलीच्या मधोमध, एक जुनी चूल सापडली. बुजवून वरून सारवलेली. म्हणजे त्या घरातल्या बाईनं चांगली चालती चूल मोडून नवीन चूल भिंतीला चिकटून घातली होती. कशासाठी, ते काही केल्या सुटेना.

हिराबाई शेजारच्या गावातली, खड्ड्यात माती उपसायला असायची. ती घमेलं खाली ठेवून म्हणाली, "बाई, ह्यात काय इचार करायचा? घरात म्हातारं माणूस असंल. त्याला निजायला आडोसा केला, आन् चूल भिताडाला लावली. पलीकडं ऊब जाती की."

बाईंनी तिला "कशावरून" विचारलं नाही. पंप उचलला, भिंतीच्या पलीकडे गेल्या आणि अरुंद बाजूनं फवारा मारला. चुलीच्या बरोबर मागे विटा आरपार भाजून तांबूस झाल्या होत्या. बाई तिथेच, त्या एका माणसाच्या जागेत बसल्या आणि तळवा त्या तांबूस विटांवर ठेवून राहिल्या. मी चित्रासाठी मापं घेत होतो.

"साठे," त्या हळू म्हणाल्या, "अण्णांना शेवटी मे महिन्यातसुद्धा थंडी वाजायची. मी त्यांची कॉट स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली होती. गॅस होता तिच्या मागे."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. मला एकदम आठवलं, कितीतरी वर्षं दर शनिवारी बाई उत्खननाच्या कॅम्पवरून एसटीनं पुण्याला यायच्या, आणि आम्ही म्हणायचो, बाईंना कॅम्पचं जेवण सोसत नाही.

"ऊब लागते का, विचारायचं राहून गेलं," त्या म्हणाल्या.

भिंत बाईंनी स्वतः काढली, एकेक वीट करून. अहवालात हिराबाईचं म्हणणं तिच्या नावासकट लिहिलं. प्रमुखांनी नाव खोडायला सांगितलं, बाईंनी खोडलं नाही.

परतीच्या दिवशी त्यांचं सामान घेऊन मी प्रथमच त्यांच्या घरी वर गेलो. खुर्च्या, टेबल, जमीन, सगळीकडे पुस्तकं आणि खापरांची खोकी. भिंतीलगतची कॉट तेवढी मोकळी होती. तिच्यावर धुतलेली चादर, एक सुरकुती नाही.

"तिथेच बसा," बाई आतून म्हणाल्या आणि गॅस पेटवला.

मी अवघडून बसलो. पाठ भिंतीला टेकली. पक्क्या विटांची जाड भिंत, गारच होती.

"लागतेय का हो काही?" आतून आवाज आला.

"लागतेय," मी म्हणालो. "चांगली लागतेय."

चहा कपात ओतल्याचा आवाज आला. गॅस बंद केल्याचा मात्र बराच वेळ आला नाही.