मौजे आंबेवहाळचा मजकूर बुडाल्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि विजेच्या तारेसही नमन, कां जे तिजविना आता अक्षर उमटत नाही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, कार्तिकमासी एके राज्यी जो प्रसंग गुदरला तो लिहितो. लिहिताना जीव तुटतो, पण लिहिणे प्राप्त.

त्या राज्यी दप्तरखाना थोर, आणि तेथे संगणक मांडिले होते. यंत्रांचे अध्यक्ष विनायकराव परांडेकर, मनुष्य भला, कोणाचे वाईट चिंतणारा नव्हे. नवे सॉफ्टवेअर घालणे जाहल्यास ते मेजोमेज फिरोन पुसत, आपले काम आटोपले काय, आणि लोक वैतागोन म्हणत, ही काय रोजची कटकट, तुमचे तुम्ही करा ना. मग विनायकरावांनी मसलत केली की आता पुसणे नको, लोक लॉगिन असताच आपल्या ठिकाणाहून गुपचूप सर्व यंत्रांत घालावे आणि यंत्रे बंद करोन पुन्हा चालू करावी. मसलत सर्वांस मानवली.

आणि दप्तरखान्याचा एक रिवाज होता, की वरिष्ठांनी मजकुरास नाव ठेविल्याविना तो सेव्ह करू नये, निनावी कागद साचू नयेत. म्हणोन मजकूर पडद्यावर उघडाच ठेवीत आणि खुर्चीवर शाल घालीत. शाल दिसली की त्या यंत्रास कोणी हात लावीत नसे.

तैसाच मजकूर सुमित्राबाई धारपांचे पडद्यावर होता. बाईंचा जन्म मौजे आंबेवहाळचा, ते गाव धरणात गेले तेव्हा बाई पाळण्यात. त्या गावचे जाणते आता शिदोजीबाबा गव्हाणे एवढेच उरले होते, आणि त्यांचे गळ्यास दुखणे जडोन शस्त्रक्रियेत वाचा जाणार असे वैद्यांनी सांगितले. तेव्हा गावाची हकीकत टिपोन घ्यावी असा हुकूम जाहला, आणि बाबा नित्य येवोन बसक्या आवाजात सांगत, कोणाचे घर कोठे, कोणती विहीर गोड, बाईंच्या आईचे जाते कोणत्या सोप्यात, आणि बाई टंकीत जात आणि मधेच डोळे पुशीत. हकीकत सरली आणि बाबा इस्पितळी गेले. वरिष्ठ दौऱ्यावर, नाव ठेवणे राहिले. बाईंनी शाल घातली आणि जेवावयास उठल्या, आणि ते समयी विनायकरावांनी कळ दाबिली. तितक्या दुरून शाल कशी दिसावी!

बाई येवोन पाहतात तो पडदा नवा, लखलखीत, आणि मजकूर नाही. विनायकरावांनी नाना यत्न केले, पण गेले ते गेले. मग बाईंनी आठवोन लिहू पाहिले, तो घरे एकांत एक मिसळली आणि एकाची विहीर दुसऱ्याचे परसात गेली, आणि बाईंनी हात आवरिला.

पुढे बाबा इस्पितळातून परतले. वाचा गेलेली, हात कापरा, चार शब्द लिहिता घाम फुटे. विनायकराव त्यांपुढे हात जोडोन बोलिले, "बाबा, कोणास त्रास नको म्हणोन न सांगता केले."

बाबांनी पाटी मागितली आणि फार वेळ लावोन लिहिले, "आमचे गावी पाणीही असेच सोडिले होते."

बाईंनी पाटी पुसू दिली नाही.

सारांश इतुकाच, की वाईट कोणी योजिले नव्हते, आणि वाईट जाहले. आंबेवहाळ आता पाण्याखालीही आहे आणि दप्तरातही नाही. फार हळहळ वाटते.