आपल्या माणसाच्या मागोमाग

"इंग्रजी मला कुणी शिकवू नये!"

विमानात बसल्यापासून मृणालिनीबाईंनी हे वाक्य चार वेळा ऐकवलं होतं. एकदा हवाईसुंदरीला, एकदा डब्लिनच्या इमिग्रेशनवाल्याला, एकदा जावयाला आणि एकदा झोपेत!

शिकवायची छाती तरी कुणाची होणार? कराडच्या शाळेत बाईंनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. तालुक्यातले दोन फौजदार, एक सभापती आणि डॉक्टर तर किती, सगळे 'डझ'नंतर क्रियापदाला 'एस' लावल्याबद्दल बाईंची पट्टी खाऊन मोठे झालेले. त्यामुळे क्षितिजा, म्हणजे त्यांची लेक, जेव्हा फोनवर म्हणाली की "आई, रेवाला मराठी कळतं गं, पण बोलते इंग्रजीतच," तेव्हा बाईंना वाईट वाटायच्या ऐवजी आनंदच झाला.

"मग अडलंय कुठं? मी बोलेन की नातीशी इंग्रजीत!"

डब्लिनजवळ सिटीवेस्टला लेकीच्या घरी उतरल्यावर तिसऱ्या दिवशीच कुठं अडलंय ते कळलं. दहा वर्षांची रेवा इंग्रजी बोलायची ती तोंडात गरम वडा धरल्यासारखी! शब्द ओळखीचे, पण एकमेकांच्या अंगावर पडलेले. "आजी, प्लेट्स प्रेसमध्ये ठेव," असं ती म्हणाली तेव्हा बाई धुतलेली ताटं इस्त्रीच्या टेबलावर रचून आल्या. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात हे कुठल्या पुस्तकात होतं? रेवा पोट धरून हसली. त्यात वाईट काही नव्हतं. पण पुढं पुढं तिनं हसणंही सोडलं. बाईंनी दोनदा "पार्डन?" म्हटलं की ती "नेव्हर माइंड, आजी" म्हणून आपल्या खोलीत निघून जायची.

ते 'नेव्हर माइंड' बाईंना पट्टीसारखं लागायचं. तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यातले तीन आठवडे गेले आणि नातीशी झालेलं बोलणं एका पानावर मावलं असतं.

जावई शार्दूल समजूतदार. त्यानं ओळखलं. "आई, शनिवारी आपण स्लायगोला जाऊ. समुद्रावर घोडेस्वारी! रेवा दोन वर्षं शिकतेय, तिचं बघाल तरी. आणि तुम्हीही बसा."

"स्लिगो," बाईंनी नकाशावरचं स्पेलिंग बघून दुरुस्ती केली. "आणि या वयात घोड्यावर?"

"अगदी गरीब घोडे असतात हो. म्हशीपेक्षा गरीब!"

बाळूकाका मात्र लगेच तयार झाले. बाळूकाका म्हणजे बाईंचे यजमान, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर, वय एकाहत्तर, डावा गुडघा कुरकुरणारा, स्वभाव न कुरकुरणारा. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि ही सगळी वर्षं ते बायकोच्या दोन पावलं मागून चालले होते. सगळी शाळा म्हणायची म्हणून तेही तिला 'बाई'च म्हणत.

शनिवारी तबेल्यात पोचले तेव्हा वारा असा सुटला होता की क्षितिजाची ओढणी शेजारच्या परगण्यात जाऊन आली. पुढं करडा समुद्र, बाजूला काळे कडे, आणि वरच्या टेकाडावर कुठल्याशा जुन्या मठाच्या भिंती. तबेल्याची मालकीण हसतमुख होती. तिच्या जाकिटावर नावाची पट्टी होती.

"गुड मॉर्निंग, सिओभान!" बाई म्हणाल्या.

"शिवॉन," ती हसली.

बाईंनी पट्टी पुन्हा वाचली. "स्पेलिंग चुकलंय हिचं," त्या क्षितिजाच्या कानात म्हणाल्या. "सांगू का?"

"आई, नको! आणि ती आता सूचना देणार आहे, मी मराठीत सांगते तुला..."

"क्षितिजा! इंग्रजी मला कुणी..."

"बरं बरं!" क्षितिजानं हात जोडले आणि फोटो काढायला बांधावर जाऊन उभी राहिली. शार्दूल तिच्या शेजारी. त्याला घोड्याच्या केसांची ॲलर्जी होती, हे त्याला तिथं पोचल्यावर आठवलं.

बाईंना मॉली नावाची गुबगुबीत पांढरी घोडी मिळाली. बाळूकाकांना सार्जंट. सार्जंट म्हातारा होता, पण रुबाब असा की आत्ताच परेड संपवून आलाय. रेवा आपल्या पोनीवर टुणकन बसली. बाईंना वर चढवायला मात्र एक स्टूल आणि तीन माणसं लागली. मग शिवॉननं सगळ्यात पुढं घोड्यावर बसलेल्या, हिरव्या जाकिटातल्या टॉमकडं बोट दाखवलं आणि भरभर म्हणाली, "इट्स ईझी! जस्ट फॉलो युवर मॅन, अँड यू'ल बी ग्रँड!"

आता त्या देशात 'युवर मॅन' म्हणजे 'तो तिथला गडी' एवढंच. ज्याचं नाव घ्यायचा कंटाळा आला तो प्रत्येक जण 'युवर मॅन'. पण बाईंच्या व्याकरणात 'युवर' म्हणजे तुझा आणि 'मॅन' म्हणजे... बाईंनी चमकून बाळूकाकांकडं पाहिलं. शिवॉनचं बोट टॉमकडं होतं खरं, पण मधे बाळूकाकाच होते.

नवऱ्याच्या मागं जायचं? इतका जुनाट देश? इथल्या बायका घोड्यावर बसतात, तबेले चालवतात आणि तरी हा नियम? बेचाळीस वर्षांत हे करायची वेळ आली नव्हती! पण देश तसा वेश. बाईंनी ओठ मिटले, लगाम धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या मागं निघाल्या.

पहिली दहा मिनिटं छान गेली. पुढं टॉम, मग एक जर्मन कुटुंब, मग बाळूकाका, मग बाई, आणि शेवटी रेवा आणि शिवॉन. वाळूत टापांचा आवाज पण येत नव्हता. बाईंना वाटलं, हे काही वाईट नाही.

तेवढ्यात बाळूकाकांना मठाच्या भिंती जवळून दिसल्या. बांधकाम खात्यातला माणूस! "बाई, बघा हो! आठशे वर्षांचं काम असणार, एक दगड हललेला नाही! आपल्याकडचे ठेकेदार..." आणि नीट बघायला ते उजवीकडं वळले. ते वळले, त्यांचा हात वळला, हाताबरोबर लगाम वळला, आणि सार्जंट ती वळायची आज्ञा समजून शिस्तीत किनारा सोडून टेकाडाच्या वाटेला लागला!

मॉली शहाणी होती. ती सरळ टॉमच्या मागं निघाली होती. पण बाई ऐकतात होय? सूचना म्हणजे सूचना! त्यांनी सगळं बळ लावून लगाम उजवीकडं ओढला.

"व्हेअर आर यू गोइंग?" मागून शिवॉन ओरडली. "फॉलो युवर मॅन!"

"आय ॲम फॉलोइंग!" बाई ओरडल्या.

"नो, नो! युवर मॅन!"

"येस! माय मॅन!" आणि बाईंनी मॉलीला टाच मारली.

शिवॉन जितकी ओरडे, तितक्या बाई इमानदारीनं नवऱ्याच्या मागं जात. पुढं बाळूकाकांना आता मठ नको होता, फक्त जमीन हवी होती. "बाई, याला ब्रेक कुठं असतो?" पण सार्जंटला आपण कुठं चाललोय ते पक्कं ठाऊक होतं. मठ ओलांडला, दगडी कुंपणांमधली बोळवाट ओलांडली, आणि दोघं जण भल्यामोठ्या कुरणाच्या फाटकाशी येऊन थांबले. आत तंबू, लाउडस्पीकर, मेंढ्या, केकचे स्टॉल, माणसंच माणसं! गावाची वार्षिक जत्राच ती, जनावरांच्या प्रदर्शनाची. सार्जंट तरुणपणी दर वर्षी इथं बक्षिसं मारायचा. त्याचे पाय अजून विसरले नव्हते.

फाटकावर टोपीवाले एक आजोबा वही घेऊन उभे होते. "व्हेटरन्स?" त्यांनी विचारलं.

म्हणजे म्हाताऱ्या घोड्यांच्या स्पर्धेत आहात का? बाईंना मात्र वाटलं, किती सभ्य देश! ज्येष्ठ नागरिकांची वेगळी सोय!

"येस," बाई म्हणाल्या. "बोथ ऑफ अस."

आजोबांनी दोघांच्या पाठीवर नंबर बांधले आणि रिंगणात सोडलं! बाळूकाका आता सार्जंटच्या मानेला मिठी मारून, डोळे मिटून मारुतीस्तोत्र म्हणत होते. सार्जंटनं आपण होऊन दोन डौलदार फेऱ्या मारल्या आणि परीक्षकबाईंसमोर जाऊन ताठ उभा राहिला. बाईंची मॉली त्याच्या मागं. युवर मॅनच्या मागं!

परीक्षकबाई ट्वीडचा कोट घातलेल्या, धिप्पाड. त्यांनी सार्जंटला आपादमस्तक न्याहाळलं. घोड्यावरचा माणूस प्रार्थनेत दिसला, म्हणून त्यांनी बाईंना विचारायला सुरुवात केली. आणि इंग्रजीची पंचाईत अशी की घोडाही 'हिम' आणि नवराही 'हिम'!

"किती वर्षं आहे हा तुमच्याकडे?"

"बेचाळीस," बाई अभिमानानं म्हणाल्या.

परीक्षकबाईंची पेन्सिल खाली पडली. "बेचाळीस! आणि दात?"

"खालचे स्वतःचे. वरची कवळी आहे, कराडला बसवली."

"कवळी?" त्यांनी सार्जंटच्या तोंडाकडं भीतीनं पाहिलं. "पाय कसे आहेत?"

"डावा गुडघा जरा धरतो. पण रोज पहाटे तीन किलोमीटर चालतो, न सांगता."

"एकटा?"

"मित्र असतात बरोबर. येताना दूध आणतो."

कुंपणापाशी गर्दी जमू लागली. कुणीतरी लाउडस्पीकरवाल्याला सांगितलं, त्यानं सगळ्या कुरणाला सांगितलं. देशातला सगळ्यात म्हातारा घोडा आपल्या गावात आलाय! दूध आणतो! स्टॉलवरच्या बायका केक टाकून धावल्या.

परीक्षकबाईंनी रुमाल काढला. "एवढं जीव लावणारं कुणी पाहिलं नाही मी. ह्याला सोडून राहायची वेळ आली तर? राहाल?"

बाई गप्प झाल्या. चांगल्या मिनिटभर. माणसं श्वास रोखून थांबली. मॉलीसुद्धा चघळायची थांबली.

आणि त्या शांततेत बोळवाटेतून पोनी दौडत आली. वर रेवा! केस विस्कटलेले, गाल लाल, मागून शिवॉन. आजीला इंग्रजीत समजावणं म्हणजे वेळ घालवणं, हे रेवानं त्या तीन आठवड्यांत ओळखलं होतं. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्यांदा, खणखणीत मराठीत ओरडली:

"आजीऽऽ! थांब! तुझा माणूस चुकीचा माणूस आहे!"

कुरणातल्या हजार माणसांत हे वाक्य तीनच माणसांना कळलं. एक ओरडणारी. दुसरे बाळूकाका, त्यांनी डोळे उघडले. आणि तिसऱ्या बाई, ज्यांना नेमकं काय झालंय ते अजिबात कळलं नाही, पण नात मराठीत बोलली एवढं मात्र कळलं.

"काय म्हणालीस?"

"तुझा माणूस चुकीचा! दुसरा माणूस पाहिजे होता! हिरवा माणूस!"

"चुकीचा नाही, बाळा," बाईंच्या तोंडून सवयीनं निघालं. "'हा तो माणूस नव्हे', असं म्हणतात." आणि मग त्यांनी लगामच सोडून दिला. "पण अगदी बरोबर बोललीस हो!"

मग काय, शिवॉननं सगळा घोटाळा उलगडून सांगितला. परीक्षकबाई आधी शरमल्या, मग हसायला लागल्या, त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची आणावी लागली. हसू सगळ्या कुरणभर पसरलं. बाईंचे कान तापले. एकतीस वर्षांचं इंग्रजी हजार लोकांसमोर घोड्यावरून पडलं होतं. पण रेवानं पोनी त्यांच्या शेजारी आणली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आजी, मी पण खूप चुका करते. म्हणून मी मराठी बोलत नाही. लोक हसतात."

बाई तिच्याकडं बघतच राहिल्या. म्हणजे ही पण! ही पण चुकायला भिऊनच खोलीत जाऊन बसत होती!

"हसू देत," त्या म्हणाल्या. "आपण दोघी बोलू."

पाठीवरचे नंबर सोडून झाले. सार्जंटला खरोखरच तिसरं बक्षीस मिळालं आणि शिवॉननं त्याची पिवळी रिबीन बाळूकाकांच्या कोटावर लावली. उतरताना बाळूकाकांचा गुडघा टकटक वाजला, तेव्हा तर पुन्हा एकदा टाळ्या झाल्या.

परतीच्या वाटेवर रेवा गाडीत मागं आजीला टेकून मराठी बोलत होती. दर वाक्यात तीन चुका, आणि बाई त्यातली एकच दुरुस्त करत होत्या. हा त्यांच्या आयुष्यातला विक्रम होता. वाटेतलं लाँगफर्ड गाव येईस्तोवर रेवा झोपली. क्षितिजाही पेंगत होती. पुढच्या सीटवर शार्दूलशेजारी बसलेले बाळूकाका बाहेरची दगडी कुंपणं मोजत होते.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा की."

"त्या ट्वीडवाल्या बाईनं विचारलं ना तुम्हाला, ह्याला सोडून राहाल का म्हणून. माझे डोळे मिटलेले होते, कान उघडे होते. तुम्ही इतका वेळ विचार कसला करत होतात?"

"अहो, विचार कसला! 'पार्ट विथ' म्हणायचं की 'पार्ट फ्रॉम', ते आठवत होते मी! व्याकरण चुकायला नको."

"बरं. आणि आठवल्यावर?"

"आठवलं तेवढ्यात रेवा ओरडली ना."

"म्हणजे उत्तर राहिलंच."

बाईंनी खिडकीकडं तोंड फिरवलं. शार्दूलनं आवाज न करता गाडीचा वेग कमी केला, हे त्यानं का केलं कुणास ठाऊक.

"असू दे," बाळूकाका रिबीन सारखी करत म्हणाले. "सावकाश सांगा. घरी पोचायला अजून दीड तास आहे."